विश्लेषण : बर्फातल्या इमानी कुत्र्यांचे चित्रपट रडवतात, पण खरे काय घडले होते?

मे महिन्यातली दुपार. हर्सूल तलावाचे पाणी काठापासून मागे सरकलेले असते, जटवाडा रस्त्यावरचे डांबर मऊ पडलेले असते आणि गल्लीतली गावठी कुत्री टपरीखाली, पाण्याच्या टाकीमागे, जिथे ओल मिळेल तिथे पोट टेकून पडलेली असतात. अशाच दुपारी कूलरसमोर बसून मोबाइलवर अंटार्क्टिकातल्या कुत्र्यांचा चित्रपट पाहणारे घर शहरात शोधायला फार लांब जावे लागत नाही. पांढरेशुभ्र बर्फ, निळ्या डोळ्यांचे हस्की, त्यांना मागे सोडून निघालेले विमान आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांचे भरून आलेले डोळे. चित्रपट संपला की घरातला लहान मुलगा हमखास म्हणतो, ‘आपणपण असा कुत्रा घेऊ ना!’

हा हट्ट कधी कधी पुरवलाही जातो. या चित्रपटांमागच्या खऱ्या घटना काय होत्या, पडद्यावर त्यातले काय बदलले गेले आणि चाळीस अंशांपार जाणाऱ्या मराठवाड्यात त्या कुत्र्याचे पुढे काय होते, याचा हा आढावा.

हे चित्रपट कोणते?

बर्फावरून ओढत न्यायच्या, चाके नसलेल्या गाडीला स्लेज म्हणतात. ती ओढणाऱ्या कुत्र्यांवरचे चित्रपट हा जवळजवळ एक स्वतंत्र प्रकारच झाला आहे. १९८३ चा जपानी ‘नानक्योकू मोनोगातारी’ (अंटार्क्टिकाची गोष्ट), त्यावर बेतलेला डिस्नेचा ‘एट बिलो’ (२००६), ‘बाल्टो’ हा १९९५ चा अ‍ॅनिमेशनपट, विलेम डॅफोची भूमिका असलेला ‘टोगो’ (२०१९) आणि जॅक लंडनच्या १९०३ मधील कादंबरीवरून पुन्हा पुन्हा निघालेला ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही त्यातली ठळक नावे. २०२० च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये हॅरिसन फोर्डसोबतचा बक हा कुत्रा तर संगणकावर तयार केलेला आहे. चित्रीकरणात त्याच्या जागी एक माणूस वावरत होता.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कुत्र्याच्या इमानाबद्दल प्रेक्षकाला कधीच शंका नसते. धाकधूक असते ती माणसाबद्दल. तो परत येईल का? दिलेला शब्द पाळेल का? या चित्रपटांचा ताण तिथे आहे, आणि पटकथाकारांनी खऱ्या घटनेत सर्वांत जास्त फेरफार केले तेही नेमके तिथेच.

१९५८ मध्ये अंटार्क्टिकात काय झाले?

जपानने १९५७ मध्ये अंटार्क्टिकातील पूर्व ओंगुल बेटावर ‘शोवा’ हा तळ उभारला. एइझाबुरो निशिबोरी यांच्या नेतृत्वाखाली अकरा जणांची पहिली तुकडी तिथे हिवाळाभर राहिली. सोबत साखालिन बेटाकडचे, दाट केसांचे, थोराड बांध्याचे कुत्रे होते. मोटारगाड्या बंद पडत आणि कुत्रे चालत. संशोधकांची भिस्त साहजिकच कुत्र्यांवर राहिली. त्यांची देखभाल करणाऱ्यांत ताइइची कितामुरा हा तरुण संशोधक होता.

फेब्रुवारी १९५८ मध्ये दुसरी तुकडी घेऊन ‘सोया’ हे जहाज आले. पहिल्या तुकडीने परतायचे, दुसरीने तळाचा ताबा घ्यायचा, असे ठरले होते. पहिल्या तुकडीतली माणसे छोट्या विमानाने जहाजावर पोहोचली. मादी कुत्री शिरोको आणि तिची पिल्लेही नेण्यात आली. बाकीचे पंधरा कुत्रे मात्र तळावरच साखळीने बांधून ठेवले गेले. हेतू वाईट नव्हता. काही दिवसांत नवी तुकडी येणार, तिला कुत्रे लागणार, मोकळे सोडले तर भरकटतील, असा हिशेब होता. गळ्यातून पट्टा निसटू नये म्हणून तो नीट आवळलाही गेला.

पण हवामान बिघडले. बर्फात अडकलेल्या ‘सोया’ला अमेरिकी बर्फफोड्या जहाजाची मदत घ्यावी लागली. दुसऱ्या तुकडीचा मुक्काम रद्द झाला आणि जहाज मागे फिरले. पंधरा कुत्रे, काही दिवसांचे अन्न आणि पुढे अंटार्क्टिकाचा हिवाळा.

जपानमध्ये संतापाची लाट उसळली. ओसाकाजवळच्या साकाई शहरात त्याच वर्षी जुलैमध्ये त्या पंधरा कुत्र्यांचे स्मारक उभे राहिले. हे स्मारक उभारले गेले तेव्हा त्यातले किमान दोन कुत्रे जिवंत होते. कोणालाही ते ठाऊक नव्हते.

१४ जानेवारी १९५९ रोजी तिसऱ्या मोहिमेच्या हेलिकॉप्टरमधून तळाजवळ हलणारे दोन काळे ठिपके दिसले. कितामुरा या मोहिमेतही होता. कुत्र्यांना ओळखू शकेल असा माणूस तोच. तो खाली उतरला, पण त्यालाही लगेच ओळख पटेना. कुत्रे अंगाने भरले होते, थोराड झाले होते. आणि ते धावत आले नाहीत. माणूस पाहून आधी मागे सरकले. कितामुरा एकेक नाव घेऊन हाका मारत गेला. त्यातल्या एका नावाला शेपूट हलली. ते तारो आणि जिरो होते, दोघे भाऊ.

सात कुत्रे साखळीलाच मेलेले सापडले. सहा जणांनी पट्ट्यातून मान सोडवली होती, पण ते कुठे गेले याचा पत्ता लागला नाही. मेलेल्या सोबत्यांना तारो-जिरोने खाल्ल्याच्या खुणा नव्हत्या. सील, पेंग्विन, सीलची विष्ठा यांवर ते जगले असावेत, असा अंदाज बांधला गेला. पुढे १९६८ मध्ये तळाजवळ बर्फातून आणखी एका कुत्र्याचे अवशेष मिळाले. हा कळपातला अनुभवी रिकी असावा आणि तरुण तारो-जिरोला त्यानेच सांभाळून घेतले असावे, असा कितामुराचा कयास होता. तो सिद्ध झालेला नाही. पण कळपात वाढलेल्या कुत्र्यांची रीत माहीत असलेल्यांना तो अशक्यही वाटत नाही.

जिरो १९६० मध्ये अंटार्क्टिकातच मेला. तारो १९६१ मध्ये जपानला परतला आणि सप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात १९७० पर्यंत जगला. आज पेंढा भरलेला तारो सप्पोरोत आहे आणि जिरो टोकियोच्या उएनो येथील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात. जिरोच्या सोबतीला तिथे हाचिको आहे. मालक वारल्यानंतरही जवळपास दहा वर्षे शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहणारा तोच हाचिको.

चित्रपटाने काय बदलले?

१९८३ चा जपानी चित्रपट मूळ घटनेशी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. केन ताकाकुरा यांचा संयत अभिनय, वँजेलिस यांचे संगीत आणि एकामागून एक मरणारे कुत्रे. त्या काळी जपानी चित्रपटांच्या कमाईचा विक्रम त्याने केला आणि तो १९९७ मध्ये ‘प्रिन्सेस मोनोनोके’ येईपर्यंत टिकला. पण त्यातही माणूस आणि कुत्रे एकमेकांकडे धावत सुटतात. मागे सरकणारे कुत्रे पडद्याला परवडले नाहीत.

‘एट बिलो’ त्याहून पुढे जातो. पंधराचे आठ कुत्रे झाले, साखालिनचे दणकट कुत्रे जाऊन देखणे हस्की आणि मॅलाम्यूट आले, जपानी तळाचा अमेरिकी तळ झाला. खरा हिशेब पंधरापैकी दोन जिवंत असा होता. चित्रपटात आठपैकी सहा वाचतात. आणि पॉल वॉकरचा नायक पहिल्या दिवसापासून परत जाण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. मुलांना घेऊन पाहण्यासारखा चित्रपट आहे, यात वाद नाही. पण अपराधाची गोष्ट त्याने सुटकेची करून टाकली. खऱ्या घटनेत जो प्रश्न जपानी समाजाला महिनोन् महिने टोचत राहिला, ‘बांधून का ठेवले?’, तो या चित्रपटात जवळपास विरून जातो.

दक्षिण ध्रुवाच्या इतिहासाची दुसरी बाजू तर पडद्यावर फारशी येतच नाही. रोआल्ड आमुंडसेन १९११ मध्ये ध्रुवाकडे निघाला तेव्हा सोबत ५२ कुत्रे होते. परत आले ११. बाकीचे बहुतेक ठरवून मारले गेले आणि उरलेल्या कुत्र्यांना व माणसांना अन्न म्हणून वापरले गेले. पुढे अंटार्क्टिकाच्या पर्यावरण करारानुसार एप्रिल १९९४ पर्यंत त्या खंडावरून सगळेच कुत्रे हलवण्यात आले. आज तिथे स्लेजला जुंपलेला एकही कुत्रा नाही.

घटसर्पाच्या औषधाची धाव : बाल्टो की टोगो?

दुसरी प्रसिद्ध कथा अलास्कातली. मराठी घरांत घटसर्प हा शब्द आता बाळाच्या लसीकरणाच्या कार्डापुरता उरला आहे, पण शंभर वर्षांपूर्वी तो लहान मुलांचा घास घेणारा आजार होता. जानेवारी १९२५ मध्ये अलास्काच्या नोम गावात घटसर्पाची साथ सुरू झाली. डॉ. कर्टिस वेल्च यांच्याकडचे प्रतिविष जुने झालेले, बंदर गोठलेले, विमान उडवणे धोक्याचे. मग रेल्वेने नेनाना गावापर्यंत आणलेले औषध तिथून पुढे कुत्र्यांच्या गाड्यांनी न्यायचे ठरले. २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्र्यांनी एकमेकांच्या हाती औषध सोपवत जवळपास १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापले.

शेवटच्या टप्प्यात गुन्नार कासेनच्या गाडीचा म्होरक्या बाल्टो होता. २ फेब्रुवारीच्या पहाटे गावात तो शिरला, म्हणून वर्तमानपत्रांत तोच झळकला. डिसेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही बसला. पण सर्वांत लांब आणि धोकादायक टप्पा लिओनहार्ड सेप्पाला आणि त्याचा बारा वर्षांचा म्होरक्या टोगो यांनी पार केला होता. औषध आणायला जाण्याचे अंतर धरले तर टोगो चारशे किलोमीटरहून जास्त धावला. त्यातला काही भाग गोठलेल्या नॉर्टन साउंड या समुद्राच्या पट्ट्यावरून होता, जिथे पायाखालचे बर्फ कधीही फुटू शकले असते. बाल्टोचा टप्पा सुमारे ८५ किलोमीटरचा. २०१९ चा ‘टोगो’ ही चूक उशिरा का होईना दुरुस्त करतो. १९९५ च्या ‘बाल्टो’ने मात्र नायकाला अर्धा लांडगा करून टाकले होते. तो तसा नव्हता, साधा सायबेरियन हस्की होता.

गौरवानंतर बाल्टोचे काय झाले, हे त्या कार्टूनमध्ये नाही. त्याचे दिवस लॉस एंजेलिसमधल्या एका तमाशेवजा प्रदर्शनात गेले. नाणे टाकून लोक त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पाहायला येत. कुत्रे आजारी, दुर्लक्षित होते. १९२७ मध्ये क्लीव्हलँडचा व्यापारी जॉर्ज किंबल याने ते पाहिले. दोन हजार डॉलर उभे करण्यासाठी शहरभर वर्गणी निघाली, शाळकरी मुलांनीही नाणी दिली आणि उरलेले सात कुत्रे क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात आले. बाल्टो १९३३ मध्ये तिथेच गेला. सेंट्रल पार्कमध्ये पुतळा उभा असताना खरा बाल्टो नाण्यामागे दाखवला जात होता. यावर अजून कोणी मोठा चित्रपट काढलेला नाही, हे जरा नवलच.

आपल्याकडे अशी गोष्ट नाही का?

स्लेज नाही, पण कुत्रा आणि इमान यांची परंपरा इथे बर्फाच्या चित्रपटांपेक्षा बरीच जुनी आहे. छत्रपती संभाजीनगरच्याच सातारा परिसरात खंडोबाचे मंदिर आहे. खंडोबाच्या घोड्याजवळ कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य काढताना कुत्र्याचा वाटा वेगळा ठेवणारी घरे आजही आहेत. दत्ताच्या तसबिरीत तर चार कुत्रे. खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो, देवाचा कुत्रा म्हणून भुंकतोही.

वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट घराण्याने कोरले, त्याच घराण्याच्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे सापडला. इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर या वीराला हवे ते माग म्हटल्यावर त्याने ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे ही काळी एका रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्यासाठी दगड उभारला गेला, त्यावर झुंजीचे शिल्प कोरले आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. जमीन किंवा पद न मागता कुत्री मागणारा तो सरदार आणि तिच्या मागे तिची व्यवस्था लावणारा तो दगड, पडद्यावर यावी अशी ही गोष्ट आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या हल्ल्यातून त्याने महाराजांना वाचवले, असे परंपरेने सांगितले जाते. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून २०११ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाद झाला. त्याला समकालीन पुरावा नाही, असा आक्षेप आहे. तो वाद इतिहासाच्या पुराव्याचा आहे, त्यात इथे शिरण्याचे कारण नाही.

हिंदी पडद्यावर १९८५ चा ‘तेरी मेहरबानियाँ’ अजून लोकांच्या लक्षात आहे. जॅकी श्रॉफच्या खुनाचा सूड त्याचा कुत्रा मोती घेतो. तर्काने पाहिले तर हसू येईल, पण जुन्या टॉकीजांत बायाबापड्या पदराने डोळे पुसत बाहेर पडत. तिथेही कुत्रा इमानी आहे आणि माणसाची परीक्षा होतच नाही, कारण तो मध्यंतराआधीच मरतो.

बर्फाच्या चित्रपटांना खरे उत्तर दिले ते कन्नडने. किरणराज के. यांचा ‘७७७ चार्ली’ जून २०२२ मध्ये पाच भाषांत आला. रक्षित शेट्टीचा एकलकोंडा धर्मा आणि त्याच्या दारात येऊन पडलेली लॅब्रॅडॉर चार्ली. चार्लीला कर्करोग आहे. टीव्हीवर बर्फ दिसले की ती हरखते, हे लक्षात आल्यावर धर्मा मोटारसायकलला जोडगाडी लावून तिला म्हैसूरहून थेट हिमालयाकडे घेऊन निघतो. इतर चित्रपटांत कुत्रा माणसासाठी बर्फ तुडवतो. इथे माणूस कुत्र्यासाठी बर्फापर्यंत जातो. कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई हा चित्रपट पाहून सर्वांसमोर रडले होते. त्यांच्या घरचा कुत्रा आदल्याच वर्षी गेला होता. सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

पण ‘चार्ली’चे महत्त्व रडवण्यापुरते नाही. चार्लीचा आजार कुठून आला, हेही चित्रपट सांगतो. बेकायदा पैदास करणाऱ्याच्या अंधाऱ्या पिंजऱ्यातून, जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांचा संकर करून काढलेल्या पिल्लांतून. कुत्र्याच्या चित्रपटाने कुत्र्यांच्या बाजारावर बोट ठेवावे, असे क्वचितच घडते.

चित्रपट पाहून लोक खरेच कुत्रा घेतात का?

घेतात. आणि हे नुसते निरीक्षण नाही. २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांत कुत्र्याची प्रमुख भूमिका आहे अशा ८७ चित्रपटांनंतर अमेरिकेत त्या जातींच्या नोंदणीचे काय झाले, ते संशोधकांनी तपासले. काही चित्रपटांचा परिणाम तब्बल दहा वर्षे टिकल्याचे दिसले. १९४३ च्या ‘लॅसी कम होम’नंतरच्या दोन वर्षांत कॉली जातीची नोंदणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली होती.

हस्कीच्या बाबतीत याचे कटू उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचे. त्यातल्या लांडग्यांसारखा दिसणारा कुत्रा हवा म्हणून ब्रिटन-अमेरिकेत हस्कींची खरेदी वाढली. नंतर आश्रयगृहांत सोडून दिलेल्या हस्कींची गर्दीही वाढली. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये मालिकेतला अभिनेता पीटर डिंकलेज यालाच ‘कृपा करून दिसण्यावर भुलून हस्की विकत घेऊ नका’ असे आवाहन करावे लागले.

ही थंड देशांतली स्थिती. आपल्याकडे मोबाइलवर निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचे रील पाहून, हप्त्याने का होईना, ते आणणारे मुंबई-पुण्यापासून मराठवाड्यापर्यंत दिसतात.

हर्सूलच्या उन्हात हस्कीचे काय होते?

हस्की मूळचा सायबेरियातील चुक्ची लोकांचा. कमी खाऊन, हलकी गाडी ओढत, शून्याखाली तीस-चाळीस अंशांत मैलोन् मैल धावण्यासाठी शेकडो वर्षांत घडत गेलेला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, लोकरीसारखा. बाहेरचा लांब आणि राठ. अलास्कात पारा शून्याच्या आसपास आला तरी गाडीवान म्हणतात, ‘आज उकाडा आहे’, आणि दिवसा विसावा घेऊन रात्री गाड्या हाकतात. शर्यतीतला स्लेजचा कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरींच्या घरात अन्न खातो आणि ते सगळे पळण्यात जिरवतो.

आता हाच कुत्रा मे महिन्यात दोन खोल्यांच्या घरात आणा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. बाहेरची हवाच चाळीसच्या पुढे असेल तर धापा टाकूनही अंग निवत नाही. कुत्र्याचे शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात. जीभ लालभडक होणे, दाट लाळ, अडखळती चाल, उलटी, मग कोसळणे. यात तासांना नाही, मिनिटांना किंमत असते.

त्यात हे शहर. अनेक वसाहतींत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे नित्याचे. हर्सूल तलावाच्या पाण्यावर आजही शहराच्या काही भागांची तहान भागते आणि मे उजाडला की त्या तलावाच्या पातळीची बातमी होते. मराठवाड्यात दिवसभर एसी चालवण्याचे बिल आणि ऐन दुपारी वीज जाण्याची धास्ती या दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगायला नकोत. वीज गेलेली असताना बंद घरात ठेवलेला हस्की हा जीव धोक्यात घातलेला कुत्रा आहे, मग त्याचे मालक कितीही प्रेमळ असोत.

उन्हाचा त्रास दिसतो तरी. न दिसणारा त्रास कोंडून राहण्याचा आहे. जो जन्मतः धावण्यासाठी आहे, तो दिवसभर चार भिंतींत राहिला की सोफा फाडतो, दार कुरतडतो, तोंड वर करून रडल्यासारखा ओरडतो. शेजारी तक्रार करतात. सोसायटीत बैठक होते. आणि मग ‘गावाकडे शेतावर सोडला’ हे वाक्य ऐकू येते. शेतावर सोडलेल्या हस्कीला ना सावली शोधता येते, ना गावठी कुत्र्यांच्या टोळीत जागा मिळते.

दख्खनच्या पठारावर धनगरांच्या कळपाबरोबर चालत आलेले कारवान जातीचे कुत्रे आहेत. सडपातळ, आखूड केसांचे, उन्हाला सरावलेले. गल्लीतले गावठी पिल्लू तर फुकट मिळते आणि इथल्या उन्हाळ्यासाठीच घडलेले असते. पण त्यांच्यावर डिस्नेने चित्रपट काढलेला नाही.

कायदा काय सांगतो?

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना हा नोंदणी क्रमांक मागणारे गिऱ्हाईक किती, हा प्रश्न आहे. फोनवर फोटो, ऑनलाइन पैसे आणि बसच्या पार्सलने पिल्लू, अशा व्यवहारात तो विचारला जात नाही.

पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वीचा आकडा आहे, तेव्हा त्याला काही अर्थ असेल. आज हर्सूलहून क्रांती चौकापर्यंतचे रिक्षाभाडेही त्याहून जास्त होते.

घरात हस्की असेलच तर?

आणलेल्या कुत्र्याचा दोष नाही, आणि आता त्याला सोडून देणे हा उपाय नव्हे. पशुवैद्यकांचा सल्ला साधारण असा असतो. फिरवणे पहाटे उजाडण्याआधी आणि रात्री उशिरा. दुपारभर तळमजल्याची किंवा उत्तरेकडची खोली, ओली फरशी, पंखा-कूलर आणि चोवीस तास प्यायला ताजे पाणी. केस भादरून टाकू नयेत. वरचा थर ऊन अडवतो, तो काढला की कातडी भाजते. त्याऐवजी गळणारा आतला थर रोज विंचरून काढावा. उष्माघाताची शंका आली तर सावलीत नेऊन पोट, काखा आणि पायांवर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. कुत्र्याला दिवसा कामावर जाताना घरात ठेवत असाल तर वीज गेल्यावर दार उघडू शकेल अशा शेजाऱ्याकडे किल्ली असावी.

आणि संध्याकाळी फिरायला काढण्याआधी एक सोपी चाचणी. हाताची उलटी बाजू रस्त्याच्या डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी. मे महिन्यात जटवाडा रस्त्यावर सूर्य मावळून गेल्यावरही बऱ्याच वेळा ती तेवढी टेकवत नाही.